विचारा तर खरं : पाळणा गोल जातो, पण वळत नाही

प्रश्न : काका, मी अकरावी सायन्सला आहे. क्लासच्या चाचणीत ‘स्थानांतरणीय गतीची दोन उदाहरणे लिहा’ असा प्रश्न होता. मी लिहिलं, सरळ रुळावरून जाणारा लोकलचा डबा आणि आकाशपाळण्यातला पाळणा. डब्याला गुण मिळाला, पाळण्यावर लाल रेघ. सर म्हणाले, आकाशपाळणा गोल फिरतो, ती घूर्णन गती. मी म्हटलं, चाक फिरतं, पाळणा फिरत नाही. सगळा वर्ग हसला. बरोबर कोण?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : तू. जा आणि गुण मागून घे. पण त्याआधी तुझं म्हणणं जरा नीट मांडायला शीक. ‘पाळणा फिरत नाही’ म्हटलंस तर वर्ग हसणारच, कारण पाळणा वर-खाली गरगर जाताना आंधळ्यालाही कळतो.

घोळ होतो तो वाटेमुळे. एखादी वस्तू गोल वाटेने गेली की आपण डोळे मिटून तिला घूर्णनाच्या खात्यात टाकतो. स्थानांतरणीय गतीची अट मात्र वाटेवर घातलेलीच नाही, ती वस्तूवर घातलेली आहे. वस्तूचे सगळे बिंदू एका वेळी सारखेच सरकले पाहिजेत, तेवढंच अंतर आणि त्याच दिशेला. वस्तूवर कुठेही दोन ठिपके काढ, रेघेने जोड. वस्तू हलत असताना ती रेघ आपल्या मूळच्या दिशेला समांतर राहिली, तर गती स्थानांतरणीय. वाट सरळ असेल तर ती सरळरेषीय, वाट वळणाची असेल तर वक्ररेषीय. दोन्ही स्थानांतरणच.

आता जत्रेत उभी राहा आणि एकाच पाळण्यावर नजर ठेव. समज, त्याच्या पाठीच्या फळीवर जमिनीकडे तोंड केलेला बाण रंगवलाय. पाळणा तळाशी आहे, बाण खाली. अर्ध्या उंचीवर गेला, बाण खालीच. माथ्यावर पोचला, तरी खालीच. पाळणा चाकाबरोबर वळला असता तर माथ्यावर तुझं डोकं खाली आणि पाय वर झाले असते, आणि पाळणेवाल्याला पोलीस घेऊन गेले असते.

सरांपुढे ठेवायचा मुद्दा पुढे आहे. पाळण्याचा प्रत्येक बिंदू वर्तुळात जातो हे खरंच. मात्र ही सगळी वर्तुळं एकाच मापाची असतात, आणि प्रत्येकाचं केंद्र वेगळं असतं. बसायच्या फळीचा डावा कोपरा ज्या केंद्राभोवती जातो, त्याच्या बरोबर फळीएवढं उजवीकडे उजव्या कोपऱ्याचं केंद्र. चाकाच्या आऱ्याचं याच्या उलट. त्याचे सगळे बिंदू मधल्या एकाच अक्षाभोवती जातात, आसाजवळचा बिंदू लहान वर्तुळात, टोकाचा मोठ्या वर्तुळात. ते घूर्णन. म्हणजे एकाच आकाशपाळण्यात दोन्ही गती आहेत, सांगाडा एक करतो आणि त्याला टांगलेला पाळणा दुसरी. फक्त एक काळजी घे, उत्तरात ‘पाळणा झुलत नाही असे मानले’ हे लिही. आत बसलेल्या एखाद्या कार्ट्याने झोके द्यायला सुरुवात केली की बाण हलला, आणि थोडं घूर्णन त्यात मिसळलं.

शेजारीच लाकडी घोड्यांची चक्री असते. त्यातला घोडा आधी खाडीकडे तोंड करून असतो, मग डोंगराकडे, मग पुन्हा खाडीकडे. एका फेरीत त्याचा बाण पुरता वळतो. तो चक्रीचाच भाग, त्यामुळे घूर्णन.

सर जत्रेला जात नसतील तर ठाणे स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर ने. पायरी आधी आडवी सरकते, मग तिरकी वर चढते, वर पोचल्यावर पुन्हा आडवी. वाट दोनदा वाकते, पण पायरीचा पाय ठेवायचा भाग शेवटपर्यंत सपाट राहतो. राहिला नसता तर सकाळी साडेआठला काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

आणि घरचं उदाहरण तर तुझ्या हातात आहे. भाऊबीजेला ओवाळताना तबकात सुपारी तुझ्या बाजूला असते आणि निरांजन भावाच्या बाजूला. तबक गोल फिरतं, तरी सुपारी तुझ्याकडेच राहते आणि निरांजन त्याच्याकडेच. हे वक्ररेषीय स्थानांतरण. मारुतीला प्रदक्षिणा घालतेस तेव्हा मात्र पूर्वेला जाताना नाक पूर्वेला असतं आणि पश्चिमेला जाताना पश्चिमेला. तिथे जागाही बदलली आणि तूही वळलीस, म्हणजे स्थानांतरण अधिक घूर्णन. नाक पूर्वेलाच ठेवून प्रदक्षिणा पुरी करायची तर बरीचशी वाट खेकड्यासारखी नाहीतर पाठमोरी चालावी लागेल.

एवढं पक्कं झालं की चंद्राचं कोडं आपोआप सुटतं. चंद्र आपल्याला प्रदक्षिणा घालतो, ओवाळत नाही. पृथ्वीभोवतीची फेरी त्याला सुमारे २७.३ दिवसांत पुरी होते आणि स्वतःभोवतीची गिरकीही तेवढ्याच काळात, म्हणून त्याची एकच बाजू कायम आपल्यासमोर. तो तबकासारखा न वळता फिरला असता तर महिन्याभरात त्याच्या सगळ्या बाजू पाहून झाल्या असत्या, आणि मागच्या बाजूच्या पहिल्या छायाचित्रासाठी ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत रशियाचं लूना-३ यान जायची वाट बघावी लागली नसती. पृथ्वीचा अक्ष मात्र सूर्याला ओवाळतो. साडेतेवीस अंश कललेला तो अक्ष वर्षभर ध्रुवताऱ्याच्याच दिशेला रोखलेला असतो. त्यामुळे जूनमध्ये आपला उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये सूर्यापासून दूर. ऋतू होतात ते यामुळेच.

प्रश्न : स्थानांतरणीय गतीचे प्रकार एका गाइडमध्ये दोन, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार दिले आहेत. मुलाला नेमके किती पाठ करायला लावू?
— एक पालक, कोपरखैरणे

उत्तर : एकही नको. वाट पाहून भाग पाडले तर दोन, सरळरेषीय आणि वक्ररेषीय. वेग पाहून पाडले तरी दोनच, समान आणि असमान. मिती पाहून पाडले तर तीन : लिफ्ट एका मितीत, कॅरमची सोंगटी (तिची गिरकी सोडून द्या) दोन मितींत, वाऱ्यावर उडालेला कागदाचा कपटा तीन मितींत. कागद तर गटांगळ्याही खातो, म्हणून तिथे त्याचा फक्त मध्यबिंदू बघायचा. गाइडवाले या तीन याद्या एकमेकींत कालवतात आणि मुलं त्या गिळतात.

पाठांतराऐवजी मुलाला ट्रान्स-हार्बर लोकलने एकदा वाशी-ठाणे फिरवून आणा, शक्यतो दुपारी, उभं राहायला जागा असते तेव्हा. घरात कुणाचं तरी ऑफिसचं आय-कार्ड असेलच. त्याची नाडी वरच्या टोकाला बोटांत धरायची आणि कार्ड मोकळं लोंबू द्यायचं. गाडी सुटताना कार्ड मागच्या बाजूला कलतं, ब्रेक लागला की पुढे झुकतं. अधूनमधून सरळ पट्ट्यात मोटरमन वेग वाढवतही नाही आणि घटवतही नाही, तेव्हा कार्ड घरी खुंटीला टांगल्यासारखं सरळ लोंबतं. ती समान गती. डोळे मिटून घेतले आणि रुळांचा खडखडाट वजा केला तर गाडी उभी आहे की धावतेय हे डब्याच्या आत बसून ठरवताच येत नाही, आणि हे कळणं कुठल्याही व्याख्येपेक्षा मोलाचं आहे.

आकडेच हवे असतील तर धरा, गाडीने सुटल्यापासून अर्ध्या मिनिटात ताशी ५४ किलोमीटरचा वेग घेतला. म्हणजे सेकंदाला १५ मीटर. वेगवाढ, म्हणजेच त्वरण, झाली दर सेकंदाला ०.५ मीटर प्रतिसेकंद, आणि तेवढ्या वेळात गाडी २२५ मीटर पुढे गेली. गुरुत्वामुळे येणारं त्वरण ९.८. या ०.५ ला ९.८ ने भागलं की ०.०५ च्या आसपास येतं, म्हणजे कार्ड जवळजवळ ३ अंश कलणार. नाडी ३० सेंटिमीटर लांब असेल तर खालचं टोक दीड सेंटिमीटर मागे. मोबाइल न काढता नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

वळणावर आणखी एक गंमत आहे. ठाण्याहून निघून ऐरोलीकडे वळताना वेग अगदी कायम असला तरी कार्ड वळणाच्या बाहेरच्या बाजूला जातं. वेगाचा आकडा बदलला नाही, दिशा बदलली, आणि दिशा बदलणं हेही त्वरणच. त्या वेळी डब्याचं तोंडही वळत असतं, म्हणजे डब्याची गती तेवढ्यापुरती निव्वळ स्थानांतरणीय राहत नाही. ऐरोलीच्या मुलीने ‘सरळ रुळावरून’ असं जपून लिहिलं होतं, ते उगाच नव्हे.

प्रश्न : आमच्या नौपाड्याच्या घरात आजेसासूबाईंच्या वेळचं सागवानी टेबल आहे. त्याचा रुंद खण दोन मुठींचा. एका मुठीला धरून ओढला की थोडा बाहेर येतो, मग तिरका होऊन जाम अडकतो. पावसाळ्यात तर जास्तच. यजमान म्हणतात, माझा जोर कमी पडतो. तसं असेल का?
— एक गृहिणी, ठाणे

उत्तर : यजमानांना सांगा, हनुमान आला तरी तो खण त्या मुठीने निघणार नाही. इथे जोराचा संबंधच नाही, आणि ते गणिताने दाखवता येतं.

खणाकडून आपल्याला हवं असतं शुद्ध सरळरेषीय स्थानांतरण. मध्यापासून दूरच्या मुठीला ओढलं की आपण त्याला पुढे तर खेचतोच, शिवाय थोडा पिळतोही. पिळल्यामुळे तो केसभर वळतो, आणि त्याचा आतला एक कोपरा आणि तोंडाजवळची समोरची कड अशा दोन जागा टेबलाच्या बाजूंवर आवळून बसतात. या दोन ठिकाणी जो दाब येतो त्यातून घर्षण तयार होतं, आणि हा दाब तुमच्या ओढण्यातूनच जन्मलेला असतो. तुम्ही दुप्पट ओढलंत की दाब दुप्पट, घर्षणही दुप्पट. सगळं त्याच प्रमाणात वाढतं आणि खण होता तिथेच.

अडकायचं की सरकायचं हे दोन अंतरांवरून ठरतं. एक, मूठ मध्यापासून किती लांब. दोन, खणाचा किती भाग अजून टेबलाच्या आत. पहिल्याला दुसऱ्याने भागा. हे उत्तर १ भागिले घर्षणांकाच्या दुप्पट, एवढं झालं की खण अडकतो. घर्षणांक म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण होतं तो आकडा. (खणातल्या सामानाचं वजन मी सोडून दिलंय.) कोरड्या लाकडावर लाकडाचा घर्षणांक ०.४ धरू, म्हणजे मर्यादा १.२५. तुमची मूठ मध्यापासून ४० सेंटिमीटरवर आणि खण ५० सेंटिमीटर खोल असेल असं समजू. खण पुरता आत असताना ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. मर्यादेच्या आत, म्हणून तो आज्ञाधारकपणे निघतो. बाहेर येता येता आतला भाग कमी होत जातो. तो ३२ सेंटिमीटर उरला की ४० भागिले ३२, बरोबर १.२५. अडकला! पावसाळ्यात लाकूड दमट होऊन घर्षणांक ०.५ झाला तर मर्यादा १ वर येते, आणि मग ४० सेंटिमीटर आत असतानाच घोडं अडतं. वर लाकूड फुगतं ते वेगळंच.

मी नोकरी केली ती वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यासाठी हत्यारं आणि साचे बनवतात तिथे. तिथे या अडकण्याशी रोजची गाठ. लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, पाहिलं असेल तर आठवेल : चकात, म्हणजे पकडीत, धरलेला जॉब (कातायचा तुकडा) गरगर फिरतो, ते घूर्णन, आणि हत्यार धरणारं कॅरेज लांबच लांब बेडवरून, म्हणजे यंत्राच्या बैठकीवरून, सरळ सरकतं, ते स्थानांतरण. कॅरेजला ओढणारी रॅक, म्हणजे दातेरी पट्टी, मध्यावर नसते, कामगार उभा राहतो त्या पुढच्या बाजूला असते. म्हणजे तुमच्या एका मुठीचाच प्रकार. तरी कॅरेज अडकत नाही, कारण बेडवर बसणारे त्याचे पंख मुद्दाम लांब ठेवलेले असतात, आणि त्याला सरळ वाट दाखवणारी उलट्या ‘व्ही’ची कड रॅकच्या जवळच, पुढच्या बाजूला असते. लांब आधार, आणि ओढ वाटेजवळ. एवढं करूनही कॅरेज सरकताना किती वळतंय हे डायल गेज, म्हणजे केसभर हलणंही काट्याने दाखवणारं मापक, लावून तपासावं लागतं. काटा थोडा तरी हलतोच. पुस्तकात ‘शुद्ध स्थानांतरण’ हे दोन शब्दांत उरकतं. मशीन बनवणाऱ्यांचं निम्मं आयुष्य त्या काट्याचं हलणं कमी करण्यात जातं. नव्याने आलेल्या पोरांना मी आधी एक वाकडा खण उघडायला लावायचो, लेथ नंतर.

तुमच्यासाठी उपाय : दोन्ही मुठी एकदम, सारख्या ओढा. एक हात नेहमीच गुंतलेला असेल तर मधोमध तिसरी मूठ बसवून घ्या. जुनं टेबल आहे, शोभा थोडी जाईल, पण खण उघडेल. खणाच्या दोन्ही बाजूंना पांढरी मेणबत्ती घासा, घर्षणांक उतरतो. तेल अजिबात लावू नका, त्यात धूळ बसून चिकटा होतो. चांगला सुतार खणाच्या तळाला मध्यावर एक पट्टी आणि तिच्यासाठी खाच करून देईल. लेथवाल्यांचीच युक्ती ती. टेलिस्कोपिक चॅनल टाकलेत तर छर्‍यांमुळे घर्षण इतकं कमी होतं की कोपऱ्याला धरून ओढा, खण तक्रार करणार नाही. पण सागवानी टेबलाला पत्र्याचं चॅनल लावलेलं आजेसासूबाईंना आवडलं असतं का, ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : नातू इंजिनिअरिंगला आहे. म्हणतो, लोकल पुढे धावत असताना तिच्या चाकाचा काही भाग मागे जात असतो. मी म्हटलं, आगाऊपणा पुरे. तर तुम्हाला विचारा म्हणाला.
— एक आजोबा, वाशी

उत्तर : आजोबा, नातवाला चहा पाजा.

घरंगळणारं चाक दोन कामं एकदम करतं. अख्खं चाक गाडीबरोबर पुढे जातं, हे स्थानांतरण. आणि ते आसाभोवती फिरतं, हे घूर्णन. चाकाच्या माथ्यावर दोन्ही वेग एकाच दिशेचे, म्हणून तिथला बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. रुळाला टेकलेल्या बिंदूपाशी ते एकमेकांविरुद्ध आणि सारखेच, म्हणून तो बिंदू त्या क्षणापुरता चक्क थांबलेला असतो. गाडी ताशी ७२ ने जात असेल तर आस ७२, माथा १४४, तळ शून्य.

आता रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने कंगोरा असतो, गाडी रुळावरून उतरू नये म्हणून. फलाटावरून थांबलेल्या गाडीखाली नजर टाकलीत तर दिसेल, हा कंगोरा रुळाच्या माथ्याच्या खाली उतरलेला असतो, साधारण ३ सेंटिमीटर. म्हणजे तो थांबलेल्या बिंदूच्याही खाली गेला. तिथे फिरण्याचा वेग गाडीच्या वेगापेक्षा जास्त, आणि वजाबाकी उलट्या बाजूला जाते. लोकलच्या चाकाची त्रिज्या अर्ध्या मीटरपेक्षा थोडी कमी. हिशेब केला तर ताशी ७२ च्या गाडीत कंगोऱ्याचा सगळ्यात खालचा बिंदू ताशी साडेचार किलोमीटरने मागे जात असतो. म्हणजे गाडी मुलुंडकडे सुसाट सुटलेली असताना तिच्या प्रत्येक चाकाचा एक तुकडा माणसाच्या चालीने कळव्याकडे निघालेला असतो. अर्थात कंगोऱ्याचा कुठलाही एक तुकडा तिथे क्षणभरच असतो, लगेच वर उचलला जाऊन पुढे जातो.

सायकलच्या टायरला कंगोरा नाही, त्यामुळे तिचा कुठलाच भाग मागे जात नाही. तळ फक्त थांबतो. हे फोटोत पकडता येतं. संध्याकाळच्या कमी उजेडात शेजारून जाणाऱ्या सायकलच्या चाकाचा फोटो कॅमेरा स्थिर धरून काढायला सांगा. उजेड कमी म्हणून शटर थोडं जास्त वेळ उघडं राहतं, आणि वरचे आरे पुसून गेलेले येतात, तर जमिनीजवळचे त्यांच्या मानाने बरेच ठसठशीत. त्यासाठी पाम बीच रोडवर मधोमध उभं राहायची गरज नाही, सोसायटीच्या आवारात काम होईल.